शेतात डिटेक्टरला शिवराई लागली: नाणं घासण्याआधी आणि दुसरा खड्डा घेण्याआधी

प्रश्न असा आहे: वाई तालुक्यातल्या शेतात रोटाव्हेटरचं पातं तुटून मातीत गेलं. ते शोधायला ओळखीच्यांकडून मेटल डिटेक्टर आणला. पात्याऐवजी एक जाड, हिरवट-काळं तांब्याचं नाणं निघालं. एका बाजूला ‘छत्र’ आणि खाली ‘पति’ असं पुसट वाचता येतं. तीन-चार पावलांवर यंत्र पुन्हा वाजतंय. नाणं कसं साफ करायचं, किती जुनं आहे, किंमत किती, सरकारला कळवावं लागतं का, आणि दुसऱ्या आवाजाच्या जागी खणू का?

आधी दोन गोष्टी. नाणं घासू नका आणि दुसरीकडे अजून कुदळ लावू नका. बाकी सगळं निवांत करता येतं, या दोन चुका मात्र परत दुरुस्त होत नाहीत.

नाणं जिथून निघालं तो खड्डा अजून उघडा असेल तर तिथूनच सुरुवात करा. फोनच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात, ते लिहून घ्या. पण फोनचा अंदाज तीन ते पाच मीटर इकडेतिकडे जातो. म्हणून टेपने दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजा: विहिरीची कड आणि बांधावरचं झाड, किंवा पोल आणि मोटारीची खोली. दोन अंतरं असली की जागा पुन्हा अचूक सापडते. खड्ड्याची खोली वरच्या मातीपासून सेंटिमीटरमध्ये मोजा. खड्ड्यात पट्टी उभी धरून एक फोटो, आणि मागे बांध किंवा डोंगर दिसेल असा लांबून एक फोटो घ्या. तारीख टाका. एवढ्याला दहा मिनिटं लागतात, आणि या दहा मिनिटांनीच नाण्याला अभ्यासाच्या दृष्टीने किंमत येते. तुमचं नाणं शिवराई, म्हणजे छत्रपतींच्या नावाचं तांब्याचं नाणं, दिसतं; आणि जागा माहीत नसलेली शिवराई ही बाजारातल्या हजारो शिवरायांपैकी एक असते.

खोली का मोजायची, तर नांगरटीच्या थरासाठी. रोटाव्हेटर साधारण १० ते १५ सें.मी. माती हलवतो, ट्रॅक्टरचा नांगर २० ते ३० सें.मी. जातो. नाणं या थरात असेल तर ते मूळ जागेवर नाही, दरवर्षी थोडं थोडं सरकत आलेलं आहे. त्याखालच्या घट्ट, न हललेल्या मातीत असेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त महत्त्वाची. मात्र काळ्या जमिनीत एक अडचण आहे. उन्हाळ्यात या जमिनीला हात-दीड हात खोल भेगा पडतात. वर पडलेली वस्तू भेगेतून सरळ खाली जाते, आणि पावसात माती फुगली की भेग मिटते. त्यामुळे काळ्या रानात ‘खोल म्हणजे जुनं’ हा हिशोब चालत नाही. कालचं पाच रुपयांचं नाणंही दोन फुटांवर निघू शकतं. मुरमाड किंवा तांबड्या जमिनीत खोलीवर थोडा जास्त भरवसा ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराच: या रानात बाहेरून माती आणली होती का? जुन्या, उठलेल्या गावांच्या जागेची माती राखेमुळे पांढरट आणि खतासारखी कसदार असते. म्हणून गावाची ती ‘पांढरी’ आणि शेताची ती ‘काळी’. दख्खनमध्ये अनेक ठिकाणी पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात टाकली गेली. पुढे शेणखताबरोबर उकिरड्यातल्या वस्तू आल्या, आणि अलीकडे तलावाचा गाळ आला. नाणं अशा मातीबरोबर आलेलं असेल तर त्याचा पत्ता तुमचं शेत नसून ती पांढरी आहे. मातीत खापराचे तुकडे, राखेचे पांढरट डाग, काचेच्या बांगडीचे तुकडे दिसतात का ते बघा. दिसले तर गोळा करत बसू नका, फोटो काढून जागेवरच ठेवा.

आता नाण्याबद्दल. ‘छत्र/पति’ वाचता येतंय म्हणजे शिवराई हे जवळपास नक्की. दुसऱ्या बाजूला तीन ओळींत ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’ असायला हवं, आणि कडेने ठिपक्यांचं वर्तुळ. सगळी अक्षरं पूर्ण दिसणार नाहीत. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असायचा आणि हाताने हातोडा मारून छाप उठवली जायची, त्यामुळे ‘श्री’चा वरचा भाग किंवा ‘ति’ची वेलांटी बाहेर राहून जाते. तो नाण्याचा दोष नाही, उलट खरेपणाची एक खूण आहे. बहुतेक शिवरायांवर साल नसतं.

वाचन करायला पाणीसुद्धा लागत नाही, उजेड लागतो. संध्याकाळी खोली अंधारी करा, नाणं काळ्या कापडावर आडवं ठेवा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून एका बाजूने प्रकाश टाका. पुसट अक्षराची सावली पडते आणि ते उठून दिसतं. नाणं न हलवता टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या. एका फोटोत ‘रा’चा काना दिसेल, दुसऱ्यात ‘शि’ची वेलांटी. वरून थेट फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. नाण्यावर काहीच नाही असं म्हणणारे बहुतेक लोक वरून फ्लॅश मारून बघत असतात.

मग वजन. सोनाराकडे मिळतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. शिवराया साधारण ८ ते १३ ग्रॅमच्या पट्ट्यात येतात. सुरुवातीच्या काळाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ११ ते १३ ग्रॅमकडे झुकतात, उत्तरकालीन बऱ्याचदा हलक्या असतात. अर्धी शिवराईही होती, तिचं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास. व्यास व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा, कारण ही नाणी नेमकी गोल नसतात. जाडीही घ्या.

‘महाराजांच्या काळातलं आहे का’ हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो, आणि त्यामागची भावना मी पूर्ण समजतो. पण उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं: बहुधा नाही. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ही नाणी सुरू झाली, पण त्यानंतर छत्रपतींच्या नावाने तीच छाप पेशवाईभर आणि कंपनी सरकार आल्यावरही पडत राहिली. पेशवाईत टांकसाळी परवाना घेतलेले लोक चालवत, ठसे स्थानिक कारागीर कोरत, म्हणून अक्षराची वळणं आणि शब्दांची लेखनं बदलत गेली. ‘शिव’चं ‘सिव’ झालं, ‘पति’चं ‘पती’ झालं, काहींवर सूर्य, चंद्र, त्रिशूळ अशी चिन्हं आली. मजकुराच्या मधून दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकालीन. रेव्हरंड ॲबट या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे २५,००० शिवराया तपासल्या होत्या, तेवढी ती लोकांच्या हातात होती. रोजच्या बाजाराचं, भाजीपाल्याचं, टोलनाक्याचं हे नाणं. ज्या नाण्यावर शेतकऱ्याने दोनशे वर्षं राजाचं नाव हाताळलं, ते उत्तरकालीन निघालं म्हणून कमी होत नाही. तुमच्या रानात कुणाच्या तरी कनवटीतून ते पडलं, ही गोष्ट खरीच राहते.

काळ ठरवताना अक्षराचं वळण, ठिपक्यांची किनार आणि वजन या तीनही गोष्टी एकत्र बघतात. फोटोवरून कुणी ठामपणे ‘शिवकालीन’ म्हणाला तर त्याला वजन विचारा. वजन न विचारता काळ सांगणाऱ्याचं ऐकू नका.

नकलीची शक्यताही तपासा. गडांच्या पायथ्याशी ओतीव शिवराया विकल्या जातात, आणि त्या शेतात पडूही शकतात. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे असतात आणि सगळी अक्षरं नेमकी मध्यभागी, गुळगुळीत आणि पूर्ण बसलेली असतात. ठोकलेल्या नाण्याची कड अनेकदा तडकलेली, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असते. १० पट भिंगाने कड फिरवून बघितली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

साफसफाईचं सविस्तर सांगतो, कारण नाणी इथेच मरतात. घरात तांब्याची भांडी चिंच, लिंबू-मीठ किंवा घासायच्या पावडरीने लख्ख करतात, तोच हात नाण्यावर जातो. भांड्याचं तांबं जाड आणि निरोगी असतं, वरचा मळ गेला की खालून धातू येतो. जमिनीत दोनशे वर्षं राहिलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याचा वरचा थर आधीच गंजात बदललेला असतो आणि अक्षराचा आकार त्या घट्ट, गुळगुळीत हिरव्या-तपकिरी थरातच टिकलेला असतो. आंबटाने तो थर विरघळला की अक्षर त्याच्याबरोबर जातं. खाली उरतो गुलाबी, खरबरीत, छिद्राळ तुकडा. मिठाने तर नुकसान दुप्पट होतं, कारण त्यातला क्लोराइड छिद्रांत बसून पुढची अनेक वर्षं धातू खात राहतो. व्हिनेगर, कोला, टूथपेस्ट, तारेची घासणी, सुरीचं टोक हे सगळं त्याच माळेतलं.

सरकारला कळवण्याआधी तर काहीच करू नका, फक्त सैल माती फुंकरीने किंवा मऊ रंगाच्या ब्रशने झटका. नंतर नाणं तुमच्याकडेच राहिलं तर पुढची पद्धत निर्धोक आहे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यात क्षार असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, पाणी रोज बदला, चार-पाच दिवस. सुटलेली माती बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, ओली असतानाच काढा. काडी धातूपेक्षा मऊ असल्याने टोक मोडतं, नाणं ओरखडत नाही. अडकलं तर जोर लावू नका, पुन्हा भिजवा. शेवटी मऊ कापडावर दाबून टिपा, चोळू नका, आणि सावलीत दोन दिवस पूर्ण सुकू द्या. तेल लावायचा सल्ला बरेच जण देतात. खायच्या तेलात थोडं आम्ल असतंच आणि पुढे ते चिकट होऊन धूळ धरतं, म्हणून तो टाळा.

एक रंग ओळखायला शिका. घट्ट, चकचकीत, गर्द हिरवा थर म्हणजे शांत गंज, तो नाण्याचं कवच आहे. पण फिकट पोपटी, पिठासारखी, नखाने सहज निघणारी पुटकुळी दिसली आणि काढली तरी आठवड्याभरात परत आली, तर तो तांब्याचा रोग आहे. आतला क्लोराइड, हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन मिळून आम्ल तयार होतं, ते तांबं खातं आणि चक्र चालू राहतं. आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांच्या वर गेली की हे सुरू होतं. वाई-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ती कित्येक आठवडे याच्या दुप्पट असते. असं नाणं इतर नाण्यांपासून वेगळं करा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि जेलचा रंग बदलला की जेल बदला. त्यावरची रासायनिक प्रक्रिया प्रयोगशाळेतच करून घ्या, त्यातली काही रसायनं विषारी आहेत.

ठेवताना मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. ते पीव्हीसी असतं, कालांतराने त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी, आत पातळ पारदर्शक पटल असलेल्या चौकटी मिळतात, त्या चालतात. रबर बँड जवळही नको. उद्या कधी सातवाहनांचं शिशाचं नाणं हाती आलं तर ते लाकडी पेटीत ठेवू नका, लाकडाच्या आंबट वाफेने शिसं पांढरं पीठ होऊन झडतं, आणि ते हाताळल्यावर हात धुवा.

कायद्याचं. भारतात जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंना १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू आहे. सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. ही मर्यादा एकोणिसाव्या शतकातली आहे, त्यामुळे आज कुठलंही जुनं नाणं तिच्यावर जातंच. अर्जात तीन गोष्टी हव्यात: वस्तू काय आणि अंदाजे किंमत किती, कुठे सापडली, कोणत्या तारखेला. ‘कुठे’मध्ये गट नंबर आणि सातबाऱ्याची प्रत जोडा. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. व्यवहारात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहून तहसील कार्यालयात देतात. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवा. पोच नसेल तर तुम्ही कळवलं होतं हे सिद्ध करायला काही उरत नाही.

न कळवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. कळवल्यावर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून कुणाचा दावा आहे का ते विचारतात, सुनावणीची तारीख सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान असते. निधी बेवारस ठरला आणि मालक व सापडणारा यांच्यात वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला तो स्वतःकडे हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो.

या शेवटच्या तरतुदीवर माझं मत स्पष्ट आहे. तांब्याच्या नाण्याच्या धातूची किंमत ती काय, आणि त्यावर वीस टक्के म्हणजे काय! अभ्यासाच्या दृष्टीने अनमोल वस्तू देणाऱ्याला बसभाडंही सुटत नाही. म्हणून लोक लपवतात, सोनाराकडे वितळवतात, आणि आपला इतिहास मुशीत जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याने बाजारभावाचा मोबदला दिला जातो. तिथे ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी, किंवा हलक्या धातूची दहा किंवा जास्त, एकत्र सापडली तर १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. सुट्ट्या नाण्याची नोंद १९९७ पासून चालू असलेल्या ऐच्छिक योजनेत करता येते. तिकडे राहणाऱ्या आणि हा छंद करणाऱ्या मराठी मंडळींनी जमीनमालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी, एवढं मात्र पक्कं. आपल्या कायद्यात मोबदला तोकडा आहे हे खरं, तरी कळवा. लपवलेल्या नाण्याची नोंद कुठेच होत नाही.

दुसरा कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून सामानात टाकून देणंसुद्धा गुन्हा आहे. तिसरी गोष्ट, डिटेक्टर हातात आहे म्हणून गडावर किंवा जुन्या देवळाच्या आवारात नेऊ नका. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, आणि संरक्षित जागेवर विनापरवाना खणणं हा सरळ गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात हरवलेलं पातं शोधणं ही पूर्णपणे वेगळी बाब आहे.

ओळख पटवायला राज्य शासनाचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, पुण्यातलं डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था ही योग्य ठिकाणं. पाठवताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, व्यास, जागा आणि खोली एवढं एका कागदावर असू द्या.

किंमत विचारलीत म्हणून सांगतो: साधारण अवस्थेतली शिवराई काही शे रुपयांत मिळते. ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ असे फोन आले आणि आधी नोंदणी फी मागितली तर ती फसवणूकच. आपल्या नावाने अशी फी उकळली जाते म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. गावात बातमी फुटली की गुप्तधन दाखवणारा मांत्रिक आणि ‘एक किलोमीटरवरून सोनं ओळखणारी’ अँटेना विकणाराही येईल. अंतरावरून सोनं दाखवणारं यंत्र अस्तित्वात नाही, आणि गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली येतात. दोघांनाही बांधावरून परत पाठवा.

एका नाण्याने काय होतं, असं वाटत असेल तर अमेरिकेतलं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका फळबागेत डिटेक्टरला येमेनमध्ये १६९३ साली पाडलेलं चांदीचं नाणं लागलं. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने सुरतेकडे परतणारं औरंगजेबाचं गंज-इ-सवाई जहाज लुटलं होतं. अशी आणखी अरबी नाणी न्यू इंग्लंडमध्ये निघाली आणि त्यांच्या नोंदलेल्या जागांवरून एव्हरीची माणसं त्या भागात वावरल्याचा धागा जोडता आला. आणि घरचं उदाहरण तर त्याहून मोठं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाची १३,२५० हून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव सातवाहनांनी केला याचा हा अगदी रोखठोक पुरावा आहे. तो मिळाला कारण साठा एकत्र राहिला. सोनारांच्या पाच दुकानांत वाटला गेला असता तर ते प्रमाण कधीच कळलं नसतं.

म्हणूनच दुसऱ्या आवाजाची घाई नको. खणण्याआधी यंत्राकडूनच जेवढं कळेल तेवढं काढून घ्या. मोटारीची लाइन चालू असेल तर बंद करा आणि खिशातला फोन लांब ठेवा, दोन्हींमुळे खोटे आवाज येतात. सह्याद्रीच्या काळ्या दगडात आणि मातीत लोहखनिज भरपूर, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स करा: धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल चकती) जमिनीपासून दोन-तीन सें.मी. ते पंधरा-वीस सें.मी. अशी वर-खाली करत आवाज सारखा होईपर्यंत जुळवा. संवेदनशीलता पूर्ण वर ठेवली तर मातीच बोलत राहते, ती थोडी उतरवा. अशा मातीत २८ सें.मी. कॉइलने एक सुटं नाणं १५ सें.मी.पर्यंत दिसेल असं धरून चाला.

मग त्या जागेवरून कॉइल एकदा पूर्व-पश्चिम आणि एकदा उत्तर-दक्षिण फिरवा. नाणं दोन्हीकडून सारखा, गोल, आखूड आवाज देतं आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा फारसा हलत नाही. खिळा किंवा बैलाची पत्री एका दिशेने नीट वाजते आणि दुसऱ्या दिशेने तुटक. वॉशर आणि मोठा सपाट लोखंडी तुकडा मात्र चांदीएवढा वरचा आकडा दाखवून फसवतो. औषधाच्या बाटलीचं सील मधल्या आकड्यावर वाजतं. आता कॉइल हळूहळू उचला. हात अर्धी वीत वर गेला आणि आवाज गेला तर खाली लहान वस्तू आहे. ३० सें.मी. उचलूनही दणदणीत राहिला तर खाली मोठं काहीतरी आहे. तुमच्या बाबतीत ते हरवलेलं पातं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण नाण्यांनी भरलेलं मडकंही अगदी असंच वाजतं.

म्हणून कुदळ नाही, खुरपं घ्या. आवाजाच्या मध्यापासून वीतभर बाजूला सुरुवात करा आणि आडवे, दोन बोटं जाडीचे पापुद्रे काढत मध्याकडे या. प्रत्येक पापुद्र्याची माती घमेल्यात वेगळी ठेवून तिच्यावरून कॉइल फिरवा. नांगरटीच्या थरात पातं किंवा एकच नाणं निघालं तर पहिल्यासारखीच मोजमापं घेऊन उचला आणि त्याच अर्जात लिहा. पण खापराची कड दिसली, माती अचानक भुसभुशीत किंवा रंगाने वेगळी लागली, किंवा एकमेकांना चिकटलेल्या दोन चकत्या दिसल्या, तर हात तिथेच थांबवा. आत काय आहे ते बघायला बोट घालू नका. फोटो काढा, वर गोणपाट टाकून तीच माती परत लोटा, बांबूची खुंटी ठोका आणि त्याच दिवशी तहसीलला कळवा. नाणी मडक्यात कोणत्या क्रमाने पडली आहेत, तळाला कोणत्या राजाची आणि वर कोणत्या, मडक्याला कापडाची छाप आहे का, हे सगळं फक्त एकदाच, ते पहिल्यांदा उघडताना वाचता येतं.

पेरणी तोंडावर असेल तर खुंटीभोवती पाच बाय पाच मीटरचा तुकडा यंदा रोटाव्हेटरविना सोडा, आणि ट्रॅक्टरवाल्याला खुंटी आधीच दाखवून ठेवा.